82 टक्के कोणाचे? मर्मरवरचा एक पेपर वाचताना

माझ्या मोठ्या आईला पंधरा वर्षं 'दमा' होता. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात तसं सगळ्यांनाच माहीत होतं. जिना चढला की धाप, कापूस वेचताना मधेच धुऱ्यावर बसून राहणं, हिवाळ्यात रात्री उशीला टेकून झोपणं. कोणी काळजीनं विचारलं तर तीच उलट समजवायची, "मले दमा हाय न बाप्पा, तुम्ही काहून एवढे घाबरता?"

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका रात्री तिला आडवंच होता येईना. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. गाडीत घालून अकोल्याला नेलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, वाफ दिली, सलाइन लावली. तासाभरात ती आणखी खालावली. तिथून दुसरीकडे हलवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला थोडं डाव्या कुशीवर वळवलं, आम्हा सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि बराच वेळ स्टेथोस्कोप एका जागी धरून ठेवला. मग ईसीजी, मग खाटेजवळच टू-डी इको. मायट्रल स्टेनोसिस निघाला. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं हृदयाचा व्हॉल्व्ह आकसत गेला होता. दमा कधी नव्हताच.

पहिल्या दवाखान्याचा केसपेपर अजून माझ्याकडे आहे. त्यावर दोन शब्द आहेत: 'मर्मर नाही'.

ते डॉक्टर आळशी होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांनी स्टेथोस्कोप लावला होता, मी समोरच उभी होते. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. इमर्जन्सीत लिहिलेल्या 'मर्मर नाही' या दोन शब्दांवर किती विश्वास ठेवायचा? हा प्रश्न आकड्याचा आहे, आणि त्याचं उत्तर देतो असं वाटणारा एक पेपर नेहमी उद्धृत होतो. तो आज तुमच्यासोबत वाचायचाय. पीएच.डी.ला अर्ज करायच्या आधी पेपरवर टीका कशी करायची असं तुमच्यातले बरेच जण विचारतात, म्हणून हाच घेतला. (हा लेख उपचारांचा सल्ला नाही, हे एकदाच सांगते.)

पेपर 2004 चा, स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा. रायश्लिन आणि सहकाऱ्यांनी तो 'अमेरिकन जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'मध्ये छापला. इमर्जन्सीत आलेल्या ज्या रुग्णांमध्ये सिस्टोलिक मर्मर ऐकू आला, असे ओळीनं 203 जण घेतले. हृदयरोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, हा आवाज व्हॉल्व्हच्या आजाराचा आहे की निरुपद्रवी. मग इको करून खरं काय ते बघायचं. 35 टक्के रुग्णांत, म्हणजे 71 जणांत, व्हॉल्व्हचा आजार निघाला. डॉक्टरांच्या अंदाजाची सेन्सिटिव्हिटी 82 टक्के आणि स्पेसिफिसिटी 69 टक्के आली.

टक्केवारी वाचली की लगेच माणसं मोजा. 71 चे 82 टक्के म्हणजे साधारण 58 पकडले, 13 सुटले. आजार नसलेले 132, त्यातले साधारण 91 बरोबर ओळखले आणि 41 जणांना उगाच संशयित ठरवलं. म्हणजे डॉक्टर 'व्हॉल्व्हचा आजार आहे' म्हणाले अशा 99 जणांत तो खरोखर होता 58 जणांना. एवढं गणित पेपर वाचताना समासात पेन्सिलनं करायची सवय लावून घ्या. गोषवाऱ्यातले आकडे पाठ करून कोणी संशोधक होत नाही.

पेपर वाईट नाही, हे आधी सांगते. ओळीनं आलेले रुग्ण घेतले, सोयीचे निवडले नाहीत. खऱ्या इमर्जन्सीतले, तज्ज्ञ नसलेले डॉक्टर घेतले. जगात बहुतेक ठिकाणी रात्री दोन वाजता तेच असतात, आपल्याकडेही. आणि ज्यांच्यावर संशय आला त्यांचाच इको करायचा, अशी नेहमीची चूक केली नाही. वीस वर्षांपूर्वीच्या छोट्या अभ्यासासाठी हे चांगलंच म्हणायचं.

मग अडचण कुठे? छेदात. त्या 203 जणांत यायची अट काय होती ते परत वाचा. मर्मर *ऐकू आलेला* असला पाहिजे. ज्याचा व्हॉल्व्ह खराब आहे पण मर्मर कोणाला ऐकूच आला नाही, तो रुग्ण या अभ्यासाच्या दारातच आला नाही. त्यामुळे तो 'सुटलेल्या 13' मध्येही नाही. म्हणजे हे 82 टक्के कानाचे नाहीतच. आवाज ऐकू आल्यानंतर केलेल्या विचाराचे आहेत. 'मर्मर ऐकला, आता तो आजाराचा की निरुपद्रवी' या प्रश्नाचं ते उत्तर आहे. 'मर्मर नाही' लिहिलेल्या केसपेपरबद्दल हा पेपर एक अक्षरही बोलत नाही. आणि तरीही व्याख्यानांच्या स्लाइडवर काय दिसतं? 'इमर्जन्सीत क्लिनिकल तपासणीची सेन्सिटिव्हिटी 82 टक्के.' अट गळून पडली, आकडा उरला.

दुसरी गोष्ट, 'सिस्टोलिक' हा शब्द. हृदय आकुंचन पावताना येणारा आवाज तो सिस्टोलिक, आणि शिथिल होऊन भरताना येतो तो डायस्टोलिक. सिस्टोलिक आवाज निरोगी माणसातही येऊ शकतो, तापात, रक्त कमी असताना, गरोदरपणात. म्हणून 'आजाराचा की निरुपद्रवी' हा प्रश्न तिथं खरा आहे. डायस्टोलिक मर्मर मात्र आजाराचाच धरतात, त्यात शंका घ्यायची नसते. लेखकांनी सिस्टोलिकपुरतं मर्यादित राहणं त्यांच्या प्रश्नाला धरून होतं, आणि त्यांच्या शहरालाही. युरोपात व्हॉल्व्हचा आजार म्हटलं की मुख्यतः वय झाल्यानं चुना साठून कडक झालेला एओर्टिक व्हॉल्व्ह. त्याचा आवाज सिस्टोलिक.

आपल्याकडचं चित्र तसं नाही. संधिवाताच्या तापानं होणारा मायट्रल स्टेनोसिस भारतात किती लहान वयात गंभीर होतो, हे दिल्लीच्या एम्समधल्या सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं. त्या आजाराचा आवाज डायस्टोलिक. खालच्या पट्टीतली, लांबून बैलगाडी जावी तशी गडगड. स्टेथोस्कोपच्या घंटेच्या बाजूनं, हलक्या हातानं, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून ऐकावी लागते. निव्वळ मायट्रल स्टेनोसिस असलेली माझी मोठी आई बासेलच्या त्या अभ्यासात दोनदा नापास झाली असती. एकदा मर्मर ऐकू आला नाही म्हणून, आणि ऐकू आला असता तरी तो चुकीच्या वेळेचा म्हणून.

आता याच्या शेजारी दुसरा पेपर ठेवू. 2018, 'हार्ट' नावाचं जर्नल, गार्देझी आणि सहकारी, ऑक्सफर्डच्या भागातला अभ्यास. इथं छेद वेगळा आहे. काहीही त्रास नसलेली, पासष्टीपुढची 251 माणसं. जनरल प्रॅक्टिशनरनी छाती ऐकायची आणि इको करायचा, मर्मर असो वा नसो. लक्षणीय व्हॉल्व्हचा आजार 36 जणांत होता. ऐकून त्याचा सुगावा लागण्याची सेन्सिटिव्हिटी निघाली 44 टक्के. म्हणजे साधारण 16 सापडले, 20 सुटले.

82 आणि 44. परीक्षेत कोणी विचारलं की फरक का, तर 'बासेलचे डॉक्टर हुशार' असं लिहू नका. ऑक्सफर्डनं न ऐकू आलेल्यांनाही मोजलं. शिवाय तिथं त्रास नसलेली माणसं होती, आजार सौम्य होता. सौम्य आजार कोणत्याही चाचणीला कमी सापडतो. याला स्पेक्ट्रम इफेक्ट म्हणतात, नेटच्या तयारीत तुम्ही तो वाचलाच असेल. आजार जितका गंभीर, तितकी चाचणीची सेन्सिटिव्हिटी जास्त.

इथं एक मिनिट थांबा, कारण मला सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी लागला. पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी बिनधास्त म्हणून टाकलं होतं की ऑक्सफर्डच्या निरोगी म्हाताऱ्यांत 44, तर अकोल्याच्या इमर्जन्सीत अत्यवस्थ रुग्णांत नक्कीच जास्त असणार. समोर एक फिजिशियन मॅडम बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मर्मर कशामुळे येतो?"

मर्मर येतो रक्ताच्या खळाळामुळे. दाबातला फरक मोठा आणि प्रवाह जोराचा, तर आवाज मोठा. एओर्टिक स्टेनोसिसचा रुग्ण शॉकमध्ये गेला, हृदयाची पंप करायची ताकद संपली, की अरुंद व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाहच घटतो. आवाज मऊ होतो, कधी जवळजवळ नाहीसा होतो. हार्ट अटॅकनंतर मायट्रल व्हॉल्व्हला धरून ठेवणारा स्नायू फाटला तर व्हॉल्व्ह अचानक उघडा पडतो. डाव्या कर्णिकेतला दाब इतका झपाट्यानं चढतो की दोन कप्प्यांतला फरकच उरत नाही, आणि मर्मर आखूड, क्षीण किंवा गायब. मायट्रल स्टेनोसिसमध्ये ठोके 140 ला गेले, लय बिघडली, छातीत पाण्याची बुडबुड चालू, शेजारी ऑक्सिजनची फुसफुस आणि नातेवाइकांचा कालवा, तर ती खालच्या पट्टीतली गडगड कोणाला ऐकू येणार? कृत्रिम व्हॉल्व्ह अडकला तर उलटंच, रोजचा टकटक आवाज बंद होणं हीच खूण.

म्हणजे पुस्तकातला नियम इथं शेवटच्या टोकाला उलटतो. सौम्य आजारात आवाज कमी, मध्यम ते तीव्र आजारात जास्त, आणि माणूस मरणाच्या दारात पोचला की पुन्हा कमी. इमर्जन्सीत नेमका हाच तिसरा गट येतो. बासेल आणि ऑक्सफर्ड दोन्ही पेपर या गटाच्या बाजूनं जातात. एक ऐकू आलेल्यांपासून सुरू होतो, दुसरा त्रास नसलेल्यांपासून. सेमिनारमधलं माझं वाक्य मागे घ्यावं लागलं. ते बरंच झालं, माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यातूनच निघालं.

तिसरी टीका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण संख्याशास्त्राच्या मंडळींच्या ती सहसा लक्षात येत नाही. बासेलच्या पेपरचा निकाल 'व्हॉल्व्हचा आजार आहे / नाही' असा दोन कप्प्यांचा आहे. रात्री दोन वाजता खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला तेवढं पुरत नाही. धाप तीच, फुप्फुसात पाणी तेच, पण *कोणता* व्हॉल्व्ह आणि कसा बिघडलाय यावर उपचार उलटतात. मायट्रल स्टेनोसिसमध्ये रक्ताला अरुंद दारातून खाली उतरायला वेळ लागतो. ठोके वाढले की तो वेळ कमी होतो, दाब मागे फुप्फुसात चढतो. तिथं लघवीवाटे पाणी काढायचं आणि ठोके हळू करायचे. एओर्टिक व्हॉल्व्ह अचानक गळायला लागला असेल तर ठोके हळू करणं उलट धोक्याचं, कारण जितका जास्त वेळ मिळेल तितकं रक्त मागे गळेल. मायट्रल व्हॉल्व्ह अचानक गळला तर रक्तदाबाचा भार उतरवल्यानं मदत होते. तीव्र एओर्टिक स्टेनोसिसमध्ये तेच औषध फार जपून द्यावं लागतं, नाहीतर दाब कोसळतो.

आता त्या पहिल्या दवाखान्यातली वाफ आणि सलाइन आठवा. वाफेतलं नेहमीचं दम्याचं औषध ठोके वाढवतं. सलाइननं पाणी वाढतं. दम्यासाठी वाफ देणं चूक नव्हतंच, चूक होती ती 'मर्मर नाही, म्हणजे व्हॉल्व्ह नाही' या उडीची. आणि ती उडी त्या एका रात्रीपुरती राहत नाही. लय बिघडलेल्या रुग्णाला रक्त पातळ करायचं औषध लागतं. संधिवाती व्हॉल्व्हच्या अशा रुग्णांवर इन्व्हिक्टस नावाची चाचणी झाली, 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, 4,531 रुग्णांचं विश्लेषण होतं. त्यात नव्या पद्धतीच्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफरीनच्या कुळातली जुनी औषधं सरस ठरली, मृत्यूही त्यांत कमी झाले. व्हॉल्व्ह ओळखलाच नाही तर पुढची वर्षानुवर्षांची गोळीसुद्धा चुकीची निवडली जाऊ शकते.

कोणी म्हणेल, मग सरळ सगळ्यांचा इको करा, स्टेथोस्कोपचा नाद सोडा. त्यासाठी नेहमी पुढे केला जातो तो बल्लभगढचा अभ्यास. हरियाणाच्या ग्रामीण भागात अनिता सक्सेना आणि एम्सच्या सहकाऱ्यांनी 6,270 शाळकरी मुलं तपासली, 2011 मध्ये छापलं. तपासणीनं संधिवाती हृदयविकार सापडला हजारी 0.8 मुलांत, इकोनं हजारी 20.4 मुलांत. माणसं मोजायची तर 5 आणि 128. 'स्टेथोस्कोप 96 टक्के आजार सोडतो' असं वाक्य यातून सहज तयार होतं आणि टाळ्याही मिळतात.

पण इथं संशय अंशावर घ्या. इकोवर जे दिसलं ते सगळं 'आजार' आहे का? लगेच पुढच्या वर्षी, 2012 मध्ये, वर्ल्ड हार्ट फेडरेशननं इकोचे निकष नव्यानं ठरवले आणि 'निश्चित' व 'सीमारेषेवरचा' असे वेगळे कप्पे केले. युगांडातल्या 818 मुलांवरच्या चाचणीत दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी 0.8 टक्के मुलांचा आजार दोन वर्षांत वाढला, न दिलेल्यांपैकी 8.2 टक्क्यांचा. इंजेक्शनचा फायदा स्पष्ट आहे. पण न दिलेल्यांतही दहातल्या नऊ जणांचं दोन वर्षांत काही वाढलं नाही, हेही त्याच ओळीत लिहिलंय. तेव्हा बल्लभगढच्या अभ्यासाचं मोल मोठं आहे, पण तो शाळेच्या वर्गातला आहे. मेळघाटच्या आश्रमशाळेत तपासणीला जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं तो जरूर वाचावा. इमर्जन्सीतल्या 'मर्मर नाही'चं मोल त्यातून काढायला गेलात तर पुन्हा परक्याचा छेद उसना घेतल्यासारखं होईल.

मग चांगला नमुना कुठे बघायचा? फार लांब नाही. बडनेऱ्याहून रेल्वेत बसा, वर्ध्याला उतरा. सेवाग्रामच्या कलंत्री आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एक अभ्यास छापला, विषय मर्मरचा नव्हता, फुप्फुसाभोवती साठणाऱ्या पाण्याचा होता. 278 रुग्णांना दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलं. छातीवर बोटांनी ठोकून, ऐकून, हात लावून. मग एक्स-रेशी पडताळलं. खूण सापडलेली असो वा नसो, प्रत्येक जण छेदात. आणि आणखी एक गोष्ट, दोन डॉक्टरांचं एकमेकांशी किती जुळलं तेही मोजलं. ते ज्या आकड्यानं सांगतात त्याला कप्पा म्हणतात. दोन कान एकाच छातीवर जर वेगवेगळं ऐकत असतील तर सेन्सिटिव्हिटीचा आकडा कोणाच्या कानाचा, हा प्रश्न उरतोच. बासेलचा गोषवारा वाचताना मला हीच उणीव जाणवली.

त्याच साच्यात मर्मरचा अभ्यास बसवायचा तर मी असा लिहीन. जागा अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार यांसारखी, जिथं मेळघाटापासून बाळापूरपर्यंतचा रुग्ण येतो. दार मर्मरचं ठेवायचं नाही, तक्रारीचं ठेवायचं. अचानक वाढलेली धाप, छातीत दुखणं, भोवळ, किंवा आठवडाभर न उतरणारा ताप घेऊन आलेला प्रत्येक प्रौढ रुग्ण. दोन डॉक्टर, एकमेकांचं न बघता. फॉर्मवर 'मर्मर आहे / नाही' असे दोनच चौकोन नकोत, तिसरा हवा: 'ऐकता आलं नाही'. ठोके, रक्तदाब, खोलीतला गोंगाट याचीही नोंद हवी, म्हणजे तो उलटणारा नियम तपासता येईल. मग प्रत्येकाचा इको, आणि इको करणाऱ्याला फॉर्म दाखवायचा नाही. निकालही 'आजार आहे / नाही' असा नाही, 'उपचार बदलला असता का' असा.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट शेवटची नाही, तिसरा चौकोन आहे. प्रायोगिक पाहणीसाठी मी हा फॉर्म काही निवासी डॉक्टरांना दाखवला तेव्हा एकानं हसून विचारलं, "मॅडम, 'ऐकता आलं नाही' असं केसपेपरवर कोण लिहितं? वरचे काय म्हणतील?" मी फॉर्ममध्ये त्या चौकोनाची जागा बदलून तो सगळ्यात आधी आणला. बघू.

पैशाचा मुद्दाही आडवा येतो, पण वाटतो तितका नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. आज तीच योजना महात्मा फुल्यांच्या नावानं राज्यभर आहे आणि व्हॉल्व्हच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. मोठ्या आईचा व्हॉल्व्ह फुग्यानं उघडला तोही योजनेतूनच. तिच्या बाबतीत पैसा अडला नव्हता. पंधरा वर्षं अडलं होतं ते एका शब्दावर, 'दमा'.

ती आता दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी करून घेते आणि आकडा मला फोनवर सांगते. परवा 2.6 होता. "बरा हाय का?" मी म्हटलं, बरा आहे. लगेच पुढचा प्रश्न, "कोणाच्या हिशोबानं?"

पुढच्या वेळी कप्पा हा आकडा हातानं कसा काढायचा ते करू. तोवर गार्देझींच्या पेपरचा गोषवारा काढा, चार चौकोनांचा तक्ता स्वतः भरा, आणि 251 जणांतून कोण कोण सुरुवातीलाच वगळलं गेलं त्याची यादी वहीत लिहून ठेवा.